लसीका वाहती राहावी म्हणून

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या बाईला वर्षानुवर्षे एक सूचना हमखास मिळत आली: त्या बाजूच्या हाताने जड काही उचलायचे नाही. पाण्याची कळशी नाही, भरलेला कुकर नाही, कडेवर नातवंडही नाही. काखेतल्या लसीकागाठी काढलेल्या असतात, हातावर ताण आला की सूज चढेल आणि एकदा चढली की उतरणार नाही, ही त्यामागची धास्ती. ती निराधार नव्हती. काखेतल्या गाठींचा सगळा समूह काढावा लागलेल्या बायकांपैकी साधारण पाचांत एकीला पुढे हाताची सूज येते. पण हात जपून ठेवल्याने ही सूज टळते का, हे कोणी नीट तपासले नव्हते.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथरीन श्मिट्झ यांनी ते तपासायचे ठरवले. हातावर आधीपासून सूज असलेल्या १४१ स्त्रिया त्यांच्या अभ्यासात होत्या. एका गटाने आठवड्यातून दोनदा वजने उचलली. सुरुवात अगदी हलक्या वजनाने, शिकवणारी व्यक्ती शेजारी, हातावर दाब देणारी घट्ट बाही. दुसऱ्या गटाने आपले नेहमीचे जगणे चालू ठेवले. वर्षभरानंतरचे निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. सूज वाढलेल्या बायकांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. मात्र सूज अचानक उसळण्याचा त्रास वजने उचलणाऱ्यांत १४ टक्के जणींना झाला आणि न उचलणाऱ्यांत २९ टक्के जणींना. शिवाय पहिल्या गटाच्या हातात ताकद आली.

लसीकासंस्थेचे आरोग्य राखायचे ‘नैसर्गिक’ उपाय म्हणून आज पुष्कळ काही सांगितले जाते. चालणे, दीर्घ श्वसन, मालिश, कोरड्या ब्रशने अंग घासणे, काढे, उपवास, लिंबूपाणी. यातले काय पुराव्याला टिकते आणि कोणासाठी, हे पाहायला निघताना श्मिट्झ यांचा अभ्यास जवळ ठेवावा. मायेने दिलेला आणि वर्षानुवर्षे पाळलेला सल्लासुद्धा तपासल्यावर उलटू शकतो, हे त्यातून कळते.

आधी ही संस्था करते काय ते पाहू. रक्त केशवाहिन्यांमधून जात असताना त्यातले पाणी आणि थोडी प्रथिने सतत आजूबाजूच्या पेशींमधल्या जागेत पाझरत असतात. हे पाणी परत रक्तात गेले नाही तर माणूस दिवसभरात सुजून जाईल. ते परत नेण्याचे काम लसीकावाहिन्यांचे, आणि त्यांतून वाहणारा हा द्रव म्हणजे लसीका. जुनी पाठ्यपुस्तके दिवसाला दोन-तीन लिटर लसीकेचा हिशेब मांडत. अलीकडचे अंदाज बरेच मोठे आहेत, आठ लिटरांच्या घरात जाणारे, आणि त्यातले जवळपास निम्मे पाणी वाटेतल्या गाठींमध्येच रक्तात परत जाते असे मानले जाते. अशा गाठी शरीरात सहाशेच्या आसपास असतात, मुख्यतः मान, काख, जांघ, छाती आणि पोट या भागांत. जंतू, मेलेल्या पेशी, परके कण तिथे अडवले जातात आणि रोगप्रतिकारक पेशी तिथेच त्यांची ओळख करून घेतात. पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, ते याच कामाचे लक्षण. शेवटी पायांपासून डाव्या हातापर्यंतची बहुतेक लसीका छातीतल्या एका मोठ्या वाहिनीतून वर चढते आणि डाव्या गळपट्टीच्या हाडामागे शिरेत मिसळते.

रक्ताला हृदय आहे, लसीकेला तसा एकच मोठा पंप नाही. तिच्या वाहिन्यांचे छोटे छोटे भाग आपणहून आकुंचन पावतात, मिनिटाला काही वेळा. प्रत्येक भागाच्या तोंडाशी झडप असते, त्यामुळे पुढे गेलेले पाणी मागे येत नाही. बाकीचा जोर बाहेरून मिळतो, म्हणजे आकुंचन पावणाऱ्या स्नायूंकडून, शेजारच्या धमनीच्या ठोक्यांकडून, श्वासाबरोबर बदलणाऱ्या छाती-पोटाच्या दाबाकडून. या जोरात भर कशी घालायची, इथून नैसर्गिक उपायांचा खरा विषय सुरू होतो.

या वाहिन्या माणसाच्या नजरेला उशिरा पडल्या, कारण त्यातला द्रव जवळजवळ रंगहीन असतो. २३ जुलै १६२२ रोजी इटलीतले शरीरशास्त्रज्ञ गास्पारे असेल्ली यांनी नुकतेच खाणे झालेल्या कुत्र्याचे पोट उघडले, तेव्हा आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे दिसले. टोचल्यावर दुधासारखा द्रव बाहेर आला. तो अन्नातला स्निग्धांश होता. उपाशी प्राण्यात हेच जाळे कदाचित दिसलेही नसते. पुढे १६५१ मध्ये झाँ पेके यांनी छातीतली मुख्य वाहिनी दाखवली. स्वीडनचे ओलाउस रुडबेक आणि डेन्मार्कचे थॉमस बार्थोलिन यांनी त्यानंतरच्या दोन वर्षांत शरीरभर पसरलेल्या जाळ्याचे वर्णन केले.

स्नायूंची हालचाल हा या सगळ्यातला पहिला आणि सर्वांत भरवशाचा उपाय. पोटरीचा स्नायू आकसला की आतल्या शिरा आणि लसीकावाहिन्या दाबल्या जातात, सैल पडला की त्या पुन्हा भरतात. चालताना हे पावलागणिक घडते. व्यायामाच्या वेळी स्नायूंमधून निघणारा लसीकेचा प्रवाह विश्रांतीच्या तुलनेत कैक पटींनी वाढतो, हे मोजून पाहिलेले आहे. उलट पाय खाली सोडून तासन् तास बसले, की घोट्याशी मोज्याच्या इलास्टिकचा वण खोल उमटतो. रातराणीने मुंबईहून नागपूरला गेलेल्या प्रवाशाला किंवा दिवसभर काउंटरमागे उभ्या असणाऱ्या विक्रेतीला हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी टाचा उचलणे, पंजा वर-खाली करणे, तासाभराने चार पावले चालणे याला खर्च नाही आणि त्याने फरक पडतो. निरोगी माणसाने लसीकेसाठी म्हणून वेगळा व्यायाम शोधायची गरज नाही. चालणे, सायकल, पोहणे, सूर्यनमस्कार, शेतातले काम, यापैकी जे रोज होईल ते पुरते.

श्वासाचेही तसेच आहे, पण थोडे जपून बोलायला हवे. पोट फुगवून खोल श्वास घेतला की श्वासपटल खाली सरकते. पोटातला दाब वाढतो, छातीतला कमी होतो आणि छातीतल्या मुख्य वाहिनीतली लसीका वर ओढली जाते. हा शरीरधर्म स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियात नील पिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताच्या हलक्या हालचालींना दीर्घ श्वसनाची जोड देऊन पाहिली, तेव्हा सुजलेल्या हाताचा आकार काही प्रमाणात उतरला. अभ्यास लहान होता. प्राणायामाने लसीका ‘शुद्ध’ होते असे त्यातून निघत नाही. सुजलेल्या अवयवाच्या उपचारात श्वसनाला जागा आहे एवढे निश्चित निघते, आणि ती जागा आता बहुतेक उपचारपद्धतींनी मान्य केली आहे.

पाण्यातल्या व्यायामाचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही, तो व्हायला हवा. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब पाऱ्याच्या ७३ मिलिमीटरांहून थोडा जास्त भरतो. सूज उतरवण्यासाठी वापरले जाणारे दाबमोजे साधारण २० ते ४० मिलिमीटरांचे असतात. म्हणजे छातीएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यावर कोणत्याही मोज्यापेक्षा जास्त दाब असतो, आणि वर येताना तो आपोआप कमी होत जातो. सूज वर सरकवायला असाच दाब लागतो. इस्रायलमधल्या फिजिओथेरपिस्ट डोरित तिधार यांनी यावर पाण्यातल्या व्यायामाची एक पद्धतच बसवली. गावच्या विहिरीत पोहून मोठी झालेली आणि आता गुडघे धरलेली बाई हौदात कमरेएवढ्या पाण्यात चालली, तर गुडघ्यांवर भार न येता पोटऱ्यांना व्यायाम मिळतो. पाणी स्वच्छ हवे आणि पायाला उघडी जखम नको, एवढी अट.

मालिशीबद्दल गैरसमज सर्वांत जास्त आहेत. डेन्मार्कचे एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड १९३० च्या दशकात फ्रान्समधल्या कान शहरात काम करत असताना त्यांनी लसीकेसाठी वेगळी मालिश विकसित केली आणि १९३६ मध्ये पॅरिसमध्ये ती मांडली. तिचा स्पर्श झोपलेल्या बाळाच्या गालावरून हात फिरवावा इतका हलका असतो. त्वचा हळूच ताणायची, सोडायची, आणि सुरुवात सुजलेल्या जागेपासून न करता मान आणि धडापासून करायची, म्हणजे खालून येणाऱ्या पाण्याला पुढे वाट मिळते. आपल्याकडची जोरकस तेलमालिश, ज्यात माणूस घामाघूम होतो, ती स्नायूंना बरी वाटत असेल, पण सुजलेल्या लसीकावाहिन्यांसाठी ती नव्हे.

या मालिशीच्या परिणामांचा, वैद्यकीय पुरावा पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला. निष्कर्ष असा, की ही मालिश सुरक्षित आहे आणि सूज सौम्य ते मध्यम असेल तर दाबपट्ट्यांच्या जोडीने तिचा थोडा जास्त फायदा होऊ शकतो. ‘जोडीने’ या अटीकडे डोळेझाक होते. मालिशीने उतरलेली सूज काही तासांत परत भरते, ती उतरलेली राहते पट्टीमुळे. जर्मनीत मिखाएल आणि एथेल फ्योल्डी या दाम्पत्याने मालिश, पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा हे चारही एकत्र बांधले, आणि आज जगभर लिम्फेडेमाचा, म्हणजे लसीका साचून येणाऱ्या सुजेचा, उपचार म्हणून तीच चौकट वापरली जाते. आपल्याकडे सत्रांची फी भरून मालिश घेणारे रुग्ण असतात, पण पट्टी गरम होते, पदराखाली दिसते, म्हणून ती कपाटात राहते. उन्हाळ्यात विदर्भात दिवसभर पट्टी बांधून राहणे सोपे नाही, हे मान्य करूनच त्यावर तोडगा काढावा लागेल. निदान उभ्याने काम करायच्या तासांत तरी ती बांधली जावी. ज्यांना जंतुसंसर्गाचा ताप आहे, ज्यांचे हृदय कमकुवत आहे किंवा पायाच्या शिरेत रक्ताची ताजी गुठळी आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिशही घेऊ नये आणि पट्टीही बांधू नये.

मानेतल्या गाठींबद्दलही इथेच सांगायला हवे. सर्दी-घशाच्या वेळी गाठ सुजते, दुखते आणि काही दिवसांत विरते. न दुखणारी गाठ दोन-तीन आठवडे तशीच राहिली, वाढत गेली, सोबत बारीक ताप, वजन उतरणे, रात्री घाम असे काही असले, तर भारतात पहिला विचार क्षयाचा करावा लागतो, आणि कर्करोगाचाही. अशा गाठीवर तेल चोळणे, लेप लावणे, ती ‘मोकळी’ करायला मालिश करणे यात मोलाचा वेळ जातो. ती दाखवायची.

खाण्यापिण्याकडे वळले की दाव्यांचा जोर वाढतो आणि पुरावा पातळ होतो. तरी काही गोष्टी पक्क्या आहेत. वजन हा त्यातला पहिला मुद्दा. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या २०१६ च्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या ६३२ रुग्णांच्या हातांची मापे वारंवार घेतली गेली. त्या हातातून रक्त काढणे, इंजेक्शन देणे, विमानप्रवास करणे यांचा सूज वाढण्याशी संबंध आढळला नाही. ज्यांचा संबंध आढळला त्यांत काखेतल्या गाठी काढणे, त्वचेचा जंतुसंसर्ग आणि २५ किंवा त्याहून जास्त बीएमआय हे होते. इतकी वर्षे ज्यांची भीती घातली गेली त्यांतल्या बऱ्याच गोष्टी इथेही टिकल्या नाहीत. अतिस्थूलता स्वतःच लसीकावाहिन्या निकामी करू शकते, हेही बॉस्टनचेच शल्यचिकित्सक अरिन ग्रीन यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले. ज्या रुग्णांच्या वाहिन्या निकामी आढळल्या त्यांचा बीएमआय साठच्या आसपास आणि त्यावर होता. तेवढे टोक सहसा कोणी गाठत नाही, पण दिशा कळते.

मिठाची गोष्ट त्याहून रंजक आहे. जर्मनीतल्या एर्लांगेन इथे येन्स टिट्झ यांच्या गटाने २००९ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांवर केलेल्या प्रयोगात दिसले, की जास्तीचे सोडियम त्वचेखाली साठते, तिथल्या रोगप्रतिकारक पेशी त्याला प्रतिसाद म्हणून एक वाढघटक सोडतात आणि त्यामुळे त्वचेतल्या लसीकावाहिन्यांचे जाळे वाढते. ही वाट अडवली तेव्हा त्या प्राण्यांचा रक्तदाब चढला. म्हणजे मिठाचा भार सांभाळण्यातही लसीकेचा वाटा आहे. पापड, लोणचे, फरसाण कमी करण्याची कारणे तशी आधीपासूनच भरपूर आहेत, त्यात ही एक भर.

स्निग्ध पदार्थांचेही वेगळे आहे. तेल-तुपातली लांब साखळीची मेदाम्ले आतड्यातून थेट रक्तात जात नाहीत, लसीकेतून जातात. असेल्लींना दिसलेला दुधाळपणा तो हाच. मध्यम साखळीची मेदाम्ले मात्र यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सरळ शिरतात. म्हणून छातीत लसीका साठणाऱ्या किंवा हत्तीरोगामुळे दुधासारखी लघवी होणाऱ्या रुग्णांना नेहमीचे तेल-तूप कमी करून मध्यम साखळीचे तेल दिले जाते. हा उपचार आहे आणि तो ठरावीक रुग्णांसाठी आहे. निरोगी माणसाने लसीकेसाठी तूप सोडायचे कारण यातून मिळत नाही.

पाणी भरपूर प्यावे, पण पाण्याने लसीका ‘पातळ’ होऊन विष निघून जाते हा दावा कुठेही सिद्ध झालेला नाही. सूज आहे म्हणून पाणी कमी पिण्याचाही उपयोग नाही, कारण लिम्फेडेमातली सूज साचलेल्या प्रथिनयुक्त द्रवामुळे असते.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, या समजुतीला उत्तर म्हणून कुमरिनची कहाणी सांगायला हवी. टोंका बियांमध्ये, काही गवतांमध्ये आणि बाजारात मिळणाऱ्या जाड सालीच्या कॅशिया दालचिनीतही हे सुगंधी द्रव्य असते. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातून अहवाल आला की कुमरिनच्या गोळ्यांनी लिम्फेडेमाची सूज उतरते. जगभरच्या रुग्णांच्या आशा वाढल्या. मग अमेरिकेत चार्ल्स लोप्रिन्झी यांनी १४० स्त्रियांवर काटेकोर चाचणी केली. १९९९ मध्ये आलेल्या निकालात हाताच्या सुजेवर काहीच परिणाम दिसला नाही, आणि ६ टक्के स्त्रियांच्या यकृताला इजा झाल्याचे आढळले. पहिली चाचणी आणि दुसरी चाचणी एकाच मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या होत्या. ‘लिम्फ क्लीन्झ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्ण-कॅप्सूलांपैकी कितींना अशी दुसरी चाचणी सोसावी लागली आहे, हा प्रश्न विकत घेणाऱ्याने जरूर विचारावा.

कोरड्या ब्रशने त्वचा घासणे, चेहऱ्यावर दगडी रोलर फिरवणे, छोट्या ट्रॅम्पोलीनवर उड्या मारणे, हे सध्याचे लाडके उपाय. ब्रशने मृत त्वचा निघते, तरतरी येते. त्याने लसीकेचे दीर्घकाळ भले होते असे दाखवणारा दमदार अभ्यास नाही, आणि ज्याच्या पायाला सूज आहे त्याच्या त्वचेवर ओरखडे उठले तर अपायच आहे. ट्रॅम्पोलीनच्या समर्थनार्थ नासाच्या १९८० च्या एका अभ्यासाचा दाखला सतत दिला जातो. त्या अभ्यासात धावताना आणि ट्रॅम्पोलीनवर उड्या मारताना शरीराच्या वेगवेगळ्या भागांना बसणारे हिसके मोजले होते. लसीका त्यात मोजलेलीच नव्हती. उड्या मारायला आवडत असतील तर खुशाल माराव्यात, पोटऱ्या हलतात.

झोपेबद्दलचा मुद्दा मात्र अजून खुला आहे, आणि म्हणूनच मोहक आहे. मेंदूला लसीकावाहिन्या नाहीत असे शंभर-दीडशे वर्षे शिकवले गेले. इटलीचे पाओलो मास्कान्यी यांनी १७८७ मध्ये मेंदूच्या आवरणातल्या अशा वाहिन्यांचा उल्लेख केला होता, पण तो विस्मरणात गेला. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातला आणि फिनलंडमधल्या हेलसिंकीतला, असे दोन गट स्वतंत्रपणे त्याच वाहिन्यांपाशी पोचले. त्याआधी २०१२-१३ मध्ये मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवले होते की झोपेत मेंदूतला द्रव जास्त वाहतो आणि टाकाऊ प्रथिने अधिक वेगाने बाहेर पडतात. २०२४ मध्ये लंडनहून नेमका उलटा निष्कर्ष आला, की झोपेत आणि भुलीखाली हा निचरा मंदावतो. वाद चालू आहे. पुरेशी झोप घ्यायला मात्र वाद मिटण्याची वाट पाहायला नको.

आता ज्या उपायाबद्दल सर्वांत कमी बोलले जाते आणि ज्याच्यामागे सर्वांत ठोस काम आहे, त्याकडे. तो म्हणजे त्वचा राखणे.

लसीकेचा प्रवाह मंदावलेल्या पायात रोगप्रतिकारही मंदावतो. बोटांच्या बेचक्यात पावसाळ्यात चिखल्या झाल्या, भेग पडली, डास चावून खाजवले, की तिथून जंतू आत जातात. थंडी वाजून ताप, जांघेत अवधाण, पाय लालभडक आणि आगीसारखा. चार-आठ दिवसांनी ताप जातो, पण प्रत्येक झटक्यात आणखी काही वाहिन्या खराब होतात, त्वचा जाड होते आणि सूज पूर्वीपेक्षा थोडी वरच्या पायरीवर स्थिरावते. जाड त्वचेला नव्या घड्या पडतात, घड्यांत ओल राहते आणि पुढचा झटका लवकर येतो. हे चक्र तोडायला साबण, पाणी, कोरडे फडके आणि बुरशीवरचे मलम लागते.

हत्तीरोगाच्या बाबतीत हे समजायला विसावे शतक संपत आले. पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय इथे हत्तीरोगाच्या जंताचा डासाशी संबंध लावला. त्याच्या कितीतरी आधी सुश्रुतसंहितेत श्लीपद, म्हणजे हत्तीरोग, या व्याधीचे वर्णन करताना जुने पाणी साचून राहणाऱ्या, सर्व ऋतूंत गार असणाऱ्या प्रदेशांत तो विशेष होतो असे नोंदवले आहे. डासाची कल्पना नसताना केलेले हे निरीक्षण थक्क करणारे आहे. जंत लसीकावाहिन्यांत घर करतात, सहा-आठ वर्षे जगतात आणि वाहिन्या फुगवून निकामी करतात. त्यामुळे सगळे लक्ष जंत मारण्यावर होते. ब्राझीलच्या रेसिफे शहरात डॉ. जेरुसा ड्रेयर यांनी पाहिले, की जंत मेल्यावरही पाय वाढतच राहतात, कारण पुढचे नुकसान त्वचेतून शिरणारे जंतू करतात. त्यांनी रुग्णांचे गट केले. पाय कसा धुवायचा, बेचके कसे कोरडे करायचे, पाय उशीवर कसा ठेवायचा, हे जुने रुग्ण नव्या रुग्णांना शिकवू लागले. झटके कमी झाले, दुर्गंधी गेली, माणसे पुन्हा कामाला जाऊ लागली.

इथिओपियाच्या उंच डोंगराळ भागांत हत्तीरोगाचे जंत नाहीत, तरी हजारो शेतकऱ्यांचे पाय सुजतात. ज्वालामुखीच्या लाल मातीतले सूक्ष्म कण अनवाणी पायांतून आत जाऊन लसीकावाहिन्या बुजवतात, हे अर्नेस्ट प्राइस या ब्रिटिश डॉक्टरांनी उलगडले. तिथे केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत धुणे, मलम, पट्टी, मोजे आणि बूट एवढ्याच उपायांनी तापाच्या झटक्यांचे प्रमाण १९ टक्क्यांनी घटले. हा आकडा चमत्काराचा नाही, प्रामाणिक आहे, आणि झटक्यामुळे मजुरी बुडणाऱ्या माणसाला तो मोठा आहे. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरामध्ये २०२० साली आलेला निकाल तर याहून ठळक होता. पायाची जुनी सूज असलेल्या आणि वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्यांपैकी ज्यांनी दाबमोजे वापरले त्यांच्यात १५ टक्क्यांना पुन्हा संसर्ग झाला, न वापरणाऱ्यांत ४० टक्क्यांना. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

भारतात या विषयावरचे सर्वांत चिकाटीचे काम केरळच्या कासरगोडमध्ये झाले. डॉ. एस. आर. नरहरी यांनी १९९९ मध्ये तिथे इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मटॉलॉजी उभी केली, आणि ऑक्सफर्डचे त्वचारोगतज्ज्ञ टेरेन्स रायन त्यांच्या बरोबरीने राहिले. साबणाने पाय धुणे, आयुर्वेदातल्या फांटात, म्हणजे औषधी वनस्पती गरम पाण्यात भिजवून काढलेल्या अर्कात, पाय बुडवून ठेवणे, हलकी मालिश, योगासने आणि श्वसन, मग दाबपट्टी, आणि जिथे जंतुसंसर्ग किंवा बुरशी आहे तिथे आधुनिक औषधे, असा त्यांचा क्रम. हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेल्या कर्नाटक आणि केरळच्या जिल्ह्यांत शेकडो रुग्णांना हा क्रम घरी करायला शिकवला गेला, सूज उतरली, झटके घटले आणि त्यांनी ते रीतसर प्रसिद्ध केले. यात एक मर्यादा आहे. इतके उपाय एकत्र केल्यावर फांटाचा वाटा किती, पट्टीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. तरी आयुर्वेदाचे नाव घेणाऱ्यांनी मापे घ्यावीत, नोंदी ठेवाव्यात, निष्कर्ष परीक्षणासाठी पाठवावेत, याचा हा आदर्श आहे. ‘नैसर्गिक’ या शब्दाला वजन येते ते अशा कामामुळे.

महाराष्ट्रात हा प्रश्न दूरचा नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा या भागांत हत्तीपाय आणि अंडवृद्धीचे रुग्ण पिढ्यान् पिढ्या आहेत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगाच्या निदानावर दीर्घकाळ संशोधन झाले. देशाचा नियंत्रण कार्यक्रम १९५५ पासून आहे. वर्षातून एकदा घरोघरी गोळ्या देण्याची मोहीम चालते, आणि तीन औषधे एकत्र देण्याची नवी पद्धत देशात ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नागपूर होता. आशाताईंच्या समोर गोळी गिळायला लोक का कचरतात, याची कारणे साधी असतात. आपल्याला रोग नाही, मग औषध कशाला? अंगात जंत असणाऱ्याला गोळीने थोडा ताप, मळमळ होऊ शकते, आणि तो ताप जंत मरत असल्याचा असतो, हे आधी सांगितले तर कचरणे कमी होते.

देशातून हत्तीरोगाचे उच्चाटन करण्यासाठी २०२७ हे वर्ष ठरवले आहे. प्रसार थांबला तर पुढच्या पिढीचे पाय वाचतील. ज्यांचे पाय आज सुजलेले आहेत त्यांची सूज त्या वर्षी उतरणार नाही, आणि रोग संपला असे जाहीर झाल्यावर त्यांच्याकडे येणारी माणसे कमी होतील हा धोका खरा आहे. कार्यक्रमात त्यांच्यासाठी टब, मग, टॉवेल, साबण आणि मलम असलेला संच दिला जातो, पाय धुण्याचे प्रात्यक्षिकही होते. टब टिकतो. साबण आणि मलम संपते, आणि भाताची रोवणी आली की दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईला रात्री बेचके कोरडे करायला वेळ आणि ताकद दोन्ही उरत नाही. उपकेंद्रातून दर महिन्याला साबण-मलम मिळत राहणे, रोवणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा कोणीतरी येऊन पाय पाहून जाणे, पहिल्या तापालाच प्रतिजैविक हाताशी असणे, ही मागणी गावोगावच्या रुग्णांच्या वतीने आताच व्हायला हवी, कार्यक्रमाचा निधी चालू आहे तोवर.